पूररेषा सातबाऱ्यावर येऊ द्या

मा. महसूलमंत्री आणि मा. जलसंपदामंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सांगलीत वकिली करते. कोर्टापेक्षा माझा जास्त वेळ जमिनीच्या कागदांत जातो. सातबारा, फेरफार, मिळकत पत्रिका, सूची क्रमांक दोन, तीस वर्षांचा शोध, आणि शेवटी ‘मिळकत निर्वेध व बोजारहित आहे’ असा अहवाल. त्या अहवालावर बँक कर्ज मंजूर करते आणि माणसं आयुष्याची पुंजी मोकळी करतात. तुम्हा दोघांकडे एकच मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. राज्यात ज्या ज्या नदीची पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारी रेषा, आखली गेली आहे, तिच्या आत येणाऱ्या प्रत्येक गटाच्या सातबाऱ्यावर आणि शहरात प्रत्येक मिळकत पत्रिकेवर तसा शेरा आला पाहिजे. जागा निळ्या (पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) रेषेच्या आत आहे की निळ्या आणि लाल (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) रेषेच्या मधे, रेषा कोणत्या वर्षी आखली आणि त्या ठिकाणी पुराची पातळी किती धरली आहे, हे खरेदी घेणाऱ्याला इतर सगळ्या नोंदींबरोबर त्याच कागदावर वाचता आलं पाहिजे.

पत्र दोघांना मिळून लिहायचं कारणही हेच आहे. रेषा जलसंपदा विभाग आखतो, सातबारा महसूल विभाग देतो, आणि या दोन कागदांची गाठ पडत नाही.

मध्यंतरी एक जोडपं माझ्याकडे आलं. तो एमआयडीसीत फिटर, ती घरी शिलाईकाम करणारी. शहराच्या सखल भागातलं दीड गुंठ्यातलं घर त्यांनी पसंत केलं होतं, विसार देऊन झाला होता, राहिला होता फक्त बँकेसाठीचा अहवाल. कागद चोख निघाले. मालकी सरळ, बोजा नाही, दावा नाही, घरपट्टी भरलेली. जागा बघायला गेले तेव्हा घराला नवा पिवळा रंग दिलेला होता. पण विजेच्या मीटरच्या लाकडी फळीमागे ब्रश पोचला नव्हता आणि तिथे छातीएवढ्या उंचीवर गाळाची तपकिरी रेघ सरळ दिसत होती. शेजारच्या मावशींना विचारलं तर त्यांनी सांगून टाकलं: दोन हजार एकोणीसच्या पुरात माळ्यापर्यंत, एकवीसच्या पुरात खिडकीपर्यंत. माझ्या अहवालाच्या नमुन्यात यासाठी रकानाच नाही. मी त्या दोघांना तोंडी सांगितलं, कागदावर वेगळी टीपही दिली. दिलेला विसार परत मिळेना, दुसरं घर बजेटात बसेना, म्हणून त्यांनी तेच घर घेतलं. हीच माहिती विसार देण्याच्या आधी, सातबारा काढला त्याच दिवशी त्यांच्या हातात असती तर निदान भाव तरी त्यांना ठरवता आला असता.

आपली जागा पूररेषेत येते का, हे आजच्या घडीला सामान्य माणसानं शोधायचं म्हटलं तर काय करावं लागतं, ते मी अशिलांसोबत अनेकदा पाहिलं आहे. आधी पाटबंधारे खात्याचं, म्हणजे आजच्या जलसंपदा विभागाचं, कार्यालय. तिथून नगररचना. नगररचनेकडे झोन दाखला आणि भाग नकाशा मागायचा, त्यावर रेषा असेल तर असेल. नसेल तर पुन्हा पाटबंधारे. तिथेही मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज आणि तीस दिवसांची वाट. घर विकणारा माणूस तीस दिवस थांबत नाही, दुसरं गिऱ्हाईक तयारच असतं.

अशाच एका कार्यालयात (नाव घेत नाही, तिथल्या कर्मचाऱ्यांनी आपल्या परीनं मदतच केली) टेबलावर मोठा नकाशा उलगडून ठेवला होता. कडा गुंडाळू नयेत म्हणून दोन कोपऱ्यांवर फायली, तिसऱ्यावर पाण्याची बाटली. नदी होती, नदीच्या लांबीवर ठरावीक अंतरावरचे आडवे छेद होते, निळी रेषा होती, लाल रेषा होती. गट क्रमांक मात्र सगळीकडे नव्हते. जिथे होते तिथे रेघ इतकी जाड की ती अमुक गटाच्या अल्याड की पल्याड, हे सांगणं अशक्य. हिशेब करून बघा. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर पाच मीटर भरते. गुंठ्याचा प्लॉट तेहतीस फूट बाय तेहतीस फुटांचा, म्हणजे साधारण दहा मीटर. निम्मा प्लॉट नुसत्या रेघेखालीच जातो. तिथल्या साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘मॅडम, हे आम्ही नदीसाठी काढलंय, प्लॉटसाठी नाही.’

मला त्यांचं म्हणणं पटतं. मूळ अडचण तीच आहे. या रेषा मुळात नियोजनासाठी आखल्या. राज्याच्या पाटबंधारे विभागानं पूररेषांबद्दलचं परिपत्रक काढलं १९८९ मध्ये. निळी रेषा ढोबळमानानं पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०२० च्या डिसेंबरात लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनं या रेषांना बांधकामाशी स्पष्टपणे जोडलं. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंतचं क्षेत्र निषिद्ध, तिथे बाग, मोकळी जागा, उघडं वाहनतळ, स्मशानभूमी असे वापर चालतात. निळ्या रेषेपासून लाल रेषेपर्यंतचं क्षेत्र नियंत्रित, तिथे बांधकाम करता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवं. नियम चांगला आहे. पण तो पाळायचा तर लाल रेषेची पातळी माझ्या दारात नेमकी किती, हे मला आधी माहीत हवं. ते जर अर्ज-विनंत्या करूनच कळणार असेल, तर नियम पाळतो तो फक्त मोठा बिल्डर, ज्याच्याकडे आर्किटेक्ट आणि सर्व्हेअर दोन्ही असतात. गुंठा-दीड गुंठा घेणारा गवंड्याला विचारतो, आणि गवंडी शेजारच्या घराकडे बोट दाखवून तेवढंच जोतं धरतो.

सांगलीत तर निम्मी कहाणी गुंठेवारीची आहे. शेतजमिनीचे तुकडे पाडून, नोटरीच्या कागदावर, कधी नुसत्या साध्या पावतीवर विकलेले प्लॉट. २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदतरेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. चांगलं झालं, गरिबाच्या घराला कागद मिळाला. पण त्या कागदावर ‘या जागेत पाणी येतं’ एवढं एक वाक्य घालायची संधी तेव्हाही होती. स्वस्त प्लॉट स्वस्त का, याचं उत्तर बहुतेक वेळा जमिनीच्या उंचीत असतं, आणि ते विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

बाहेरगावचे लोक विचारतात, नदी कुठे आहे ते दिसतं की, मग लांब घर घ्यायचं! सांगलीत राहणाऱ्याला कळतं की नदीपासूनचं अंतर इथे फसवं आहे. कृष्णा फुगली की पाणी काठ ओलांडायच्या आधी नाल्यांतून उलटं आत येतं. शेरीनाल्यासारखे नाले एरवी शहराचं पाणी नदीकडे नेतात, पुरात तेच नदी शहरात आणतात. हरिपूरला वारणा मिळते, खाली नृसिंहवाडीला पंचगंगा, आणि खालचं पाणी तुंबलं की वरचं पाणी उतरायला दिवस लागतात. म्हणून नदीपासून दूरची एखादी खोलगट कॉलनी आधी बुडते आणि काठावरचा उंच वाडा कोरडा राहतो. हे जमिनीच्या पातळीवर ठरतं. पातळी डोळ्यांना दिसत नाही, मोजावी लागते.

सांगलीची माणसं पुराचा हिशेब कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या फुटांत करतात. इशारा चाळीस फूट, धोका पंचेचाळीस. २००५ मध्ये पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सत्तावन्नच्या वर, २०२१ च्या जुलैत पुन्हा पंचावन्नच्या आसपास. जुन्या गावभागातल्या आजीला विचारलं तर ती सांगेल, इतक्या फुटांना पाणी आमच्या पहिल्या पायरीला लागतं आणि इतक्या फुटांना देवघरात येतं. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिलेल्यांकडे आहे. जतहून, आटपाडीहून, सोलापूरच्या बाजूनं पोटापाण्यासाठी आलेल्या माणसाकडे ते नाही, आणि नवं घर घेतो तोच. सरकारी नकाशावरची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते. त्याच्या घराचं जोतं समुद्रसपाटीपासून किती उंच, हे त्यानं कुठून काढायचं? शेऱ्यात मीटर असू द्या, पण सोबत ‘आयर्विनला अमुक फूट झाल्यावर या गटात पाणी येतं’ हेही असू द्या. कोल्हापूरकरांना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे फूट कळतात. तिथे एकोणचाळीसला इशारा आणि त्रेचाळीसला धोका. त्यांच्या सातबाऱ्यावर ते फूट येऊ द्या.

आणखी एक गोष्ट लोकांना कधीच नीट सांगितली जात नाही. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकलं की माणसाला वाटतं, एकोणीसला येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू. त्या शब्दांचा खरा अर्थ असा की असा पूर येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात एक, आणि आदल्या वर्षी येऊन गेला म्हणून ती कमी होत नाही. निळ्या रेषेच्या पुराची शक्यता दर वर्षी शंभरात चार. आता वीस वर्षांचं गृहकर्ज घ्या. त्या वीस वर्षांत निळ्या रेषेपर्यंतचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता निघते सुमारे छप्पन्न टक्के, लाल रेषेपर्यंतचा निदान एकदा येण्याची सुमारे अठरा टक्के. निळ्या रेषेच्या आतल्या घरासाठी वीस वर्षांचं कर्ज घेणाऱ्याला हप्ते फिटायच्या आत पाणी बघावं लागण्याचीच शक्यता जास्त आहे. बँकेच्या कोणत्याही कागदावर हा आकडा मी आजवर पाहिलेला नाही. घर तारण ठेवून घेणाऱ्या बँकेलाही तो हवा असायला पाहिजे.

कायद्यात यासाठी काहीच नाही, असंही नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विकणाऱ्यावर बंधन घालतं: मिळकतीतला जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही सापडणार नाही, तो त्यानं सांगितलाच पाहिजे. पण उद्या वाद झाला तर विकणारा म्हणणार, नकाशा तर सरकारी कार्यालयात होता, यांनी जाऊन बघायचा होता. आणि खरेदीदार म्हणणार, मी सातबारा बघितला, तिथे काही नव्हतं. शेरा असेल तर हा वादच उरत नाही. केंद्रीय जल आयोगानं पूरमैदानांच्या नियमनासाठी नमुना विधेयक राज्यांकडे पाठवलं ते १९७५ मध्ये. त्यावर कायदा केला तो मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड आणि पूर्वीचं जम्मू-काश्मीर अशा मोजक्या राज्यांनी. आपण परिपत्रकं आणि नियमावलीवर भागवत आलो. नवा कायदा करायला वेळ लागेल, मान्य आहे. शेऱ्यासाठी तेवढं थांबायची गरज नाही.

कारण शेरे मारायची सवय महसूल खात्याला चांगलीच आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात काय काय सापडतं! सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, पाइपलाइनचा हक्क, कुळकायद्याची अट. आमच्या जिल्ह्यात धरणांच्या लाभक्षेत्रातल्या जमिनींवर ‘पुनर्वसन कायद्यानुसार हस्तांतरास बंदी’ असे शेरे वर्षानुवर्षं होते आणि त्यांच्यामुळे शेतकऱ्यांनी किती हेलपाटे घातले ते मी पाहिलं आहे. एका प्रकल्पासाठी गावंच्या गावं शोधून, गट गट बघून ते शेरे चढवता आले. मग पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीसाठी का नाही? आज पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर येतो, महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट क्रमांक टाकला की त्याचा आकार समोर दिसतो. त्याच नकाशावर निळी आणि लाल रेषा अंथरली तर शेतकरी, खरेदीदार, बँक, तलाठी सगळ्यांना एकच चित्र दिसेल. इंग्लंडमध्ये सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की त्या पत्त्याला पुराचा धोका किती हे कुणालाही फुकट बघता येतं. आपल्याकडे तर पत्त्यापेक्षा नेमका असा गट क्रमांक तयार आहे.

याला विरोध होईल, हे मला माहीत आहे. तो विरोध करणारे माझेच अशील असतील. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर निळ्या-लाल रेषांचा प्रश्न पुढे आला तेव्हा शहरभर अस्वस्थता पसरली. भाव पडतील, कर्ज मिळणार नाही, पडकं घर पुन्हा बांधता येणार नाही, ही भीती खोटी नव्हती. सांगलीतही लोक मला म्हणतात, ‘वहिनी, आधीच बुडालो, आता कागदावरही बुडवताय का?’ या माणसांचं दुःख मी हलकं मानत नाही. ज्यानं पै पै साठवून, अधिकृत परवानगी घेऊन, वीस वर्षांपूर्वी घर बांधलं त्याच्या घराची किंमत एका शेऱ्यानं उतरणार असेल तर त्याला सरकारनं हात द्यायला हवा. जुन्या अधिकृत घरांना जोतं उंच करून पुनर्बांधणीची वाट नियमावलीत आहे, ती लोकांना समजावून सांगायला हवी, आणि उंच बांधण्यासाठी स्वस्त कर्ज द्यायला हवं.

पण माहिती झाकून ठेवल्यानं तोटा नाहीसा होत नाही, तो फक्त पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतो. ज्याला ठाऊक आहे तो रंग देऊन निघून जातो, ज्याला ठाऊक नाही तो हप्ते भरत राहतो. आणि हा दुसरा माणूस बहुतेकदा पहिल्यापेक्षा गरीब असतो. माझा सगळा आग्रह त्याच्यासाठी आहे.

रेषा चुकीची असेल, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. रेषा जुन्या होतात. मधे पूल होतात, रस्त्यांचे भराव पडतात, कुणी मुरूम टाकून चार फूट जमीन उचलतो आणि त्याचं पाणी शेजाऱ्याच्या जुन्या घरात जातं. पुण्यात विकास आराखड्यातली पूररेषा आणि पाटबंधारे खात्याची रेषा जुळत नाही, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं तेव्हा त्या वादाचा अर्थ सगळ्यांना कळला. म्हणून शेऱ्यात रेषेचं वर्ष हवं, प्रत्येक मोठ्या पुरानंतर ती पुन्हा तपासली जावी, आणि ज्याला ती मान्य नाही त्याला स्वतःच्या जागेची पातळी मोजून घेऊन हरकत नोंदवता यावी. फेरफाराला जशी पंधरा दिवसांची नोटीस निघते तशीच इथे काढा. भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीची यंत्रं आहेत, माणसं आहेत. हद्दीच्या मोजणीबरोबर जोत्याची पातळी मोजून देण्याची सोय माफक फीमध्ये सुरू करा. हजारो लोक रांगा लावतील, मला खात्री आहे.

सगळं राज्य एकदम होणार नाही, हे मलाही कळतं. पण एक काम अर्धं आधीच झालेलं आहे, ते तुमच्या लक्षात आणून देते. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरानंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक घरोघर, बांधाबांधावर फिरले. चिखल तुडवत त्यांनी पंचनामे केले. कोणत्या गटातलं पीक गेलं, कोणत्या घरात पाणी शिरलं, भिंत पडली की नाही, सगळं नावनिशीवार लिहिलं आणि त्यावर मदत वाटली. पाणी खरोखर कुठपर्यंत आलं होतं याचा त्याहून चांगला पुरावा कोणत्याही गणिती नमुन्याकडे नाही. मदत देताना जे सरकारला ठाऊक होतं, ते घर विकताना का ठाऊक नसावं? ते पंचनामे तहसील कार्यालयांच्या कपाटांत आहेत. ते काढा, जलसंपदाच्या रेषांशी ताडून बघा, जिथे दोन्ही जुळतात तिथे शेरा चढवा आणि जिथे जुळत नाहीत तिथे पुन्हा मोजणी लावा. सुरुवात मिरज, पलूस किंवा शिरोळ यांपैकी कोणत्याही एका तालुक्यातून करा, आणि पुढचा पावसाळा लागायच्या आत त्या तालुक्याचे सातबारे लोकांच्या हातात द्या. लिखापढीत, गावसभेत, हरकतींच्या सुनावणीत माझ्यासारख्या वकिलांची मदत लागली तर विनामोबदला करायला मी तयार आहे, आणि वकील संघटनेतल्या सहकाऱ्यांनाही विचारेन.

आपली विश्वासू,
सांगलीतील एक वकील

प्रत माहितीसाठी : नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, जमाबंदी आयुक्त व संचालक, भूमी अभिलेख, महारेरा